कढईत तळलेला बोल्ट

दोन सख्ख्या बहिणी एकाच कारखान्यातल्या दोन भट्टीवाल्यांना दिल्या, तिथेच खरा घोटाळा झाला. वेगवेगळ्या धंद्यांतले साडू वर्षातून चार वेळा भेटतात, तब्येतपाणी विचारतात, घरी जाऊन एकमेकांची नक्कल करतात आणि सुखात राहतात. हे दोघे मात्र रोज सकाळी शेजारी शेजारी उभे राहून एकाच जातीचे बोल्ट तापवायचे. मध्ये फक्त पत्र्याची भिंत. त्या भिंतीला थोरल्याच्या बाजूने एक भोक होतं. ते गंजून पडलं, असं थोरला सांगायचा. इतका गोल गंज मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

कारखाना पुलांना लागणारे बोल्ट करायचा. दोन अंगठे जुळवले तर होतील एवढे जाड. घडाईचा हातोडा एवढा दांडगा, की तो पडला की पलीकडच्या गल्लीतली मागे पडलेली घड्याळं आपोआप बरोबर व्हायची. हातोड्याखालून निघालेला बोल्ट कच्चा असतो, ओढला तर ताणला जातो. म्हणून त्याला भट्टीत लाल करून तेलात बुडवायचं आणि मग पुन्हा जरा शेकून त्याचा ताठा उतरवायचा. हे काम दोघा साडूंचं. आपापल्या बोल्टाच्या डोक्यावर जो तो आपली खूण ठोकायचा. थोरल्याची खूण त्रिकोण, धाकट्याची नुसता एक ठिपका.

थोरला कामात वाघ होता, त्यात वाद नाही. पण त्याच्या पोटात दुसरी एक भट्टी कायम पेटलेली असायची, आणि तिला कोळसा लागत नसे. धाकट्याने नवीन सायकल घेतली तेव्हा याचे गुडघे आठवडाभर दुखले. धाकट्याला मुलगी झाली तेव्हा याने स्वतःच्या दोन मुलग्यांकडे असं पाहिलं, जणू दुकानदाराने चुकीचा माल दिलाय. थंडीच्या दिवसांत कामगार मुद्दाम त्याच्या कानावर घालायचे, "धाकट्याच्या पोरीचा पहिला नंबर आला म्हणे," आणि मग त्याच्याभोवती कोंडाळं करून हात शेकायचे.

आगीत तेल ओतायला सासरे होते. स्वतः जुने भट्टीवाले, आता घरी बसलेले. दोघांचे बोल्ट टेबलावर वाजवून बघायचे आणि म्हणायचे, "दोघंही छान. पण धाकट्याच्या बोल्टाचा आवाज कसा गोड येतो." आवाजाने पूल उभे राहत नाहीत, हे थोरल्याने त्यांना कित्येकदा सांगून पाहिलं. पण सासऱ्यांना ऐकू कमी यायचं. म्हणजे बोल्ट ऐकू यायचा, जावई नाही.

अशात मालकांनी जाहीर केलं, की दोन्ही जुन्या भट्ट्या मोडून एकच मोठी नवी भट्टी आणायची.

"आणि तिच्यावर उस्ताद कोण?" थोरल्याने विचारलं.

"ज्याचे बोल्ट सरस ठरतील तो. दुसरा त्याच्या हाताखाली."

"आणि सरस कोण तेच ठरलं नाही तर?"

"मग दोघांनी मिळून चालवा. एकच भट्टी, एकच खूण. त्रिकोणात ठिपका घाला."

हाताखाली जाण्याची कल्पना थोरल्याने केली नव्हती, कारण आपण हरू असं त्याला वाटतच नव्हतं. पण त्रिकोणात ठिपका? म्हणजे आपल्या घरात साडू राहायला आल्यासारखं. जन्मभर कुणाला कळणार नाही कुठला बोल्ट कुणाचा. त्यापेक्षा त्याला भट्टीत उडी मारणं बरं वाटलं असतं, पण मग ती भट्टी धाकट्याला मिळाली असती.

निवाडा करायचं काम तपासणीच्या मॅडमकडे आलं. मॅडम इंजिनिअर होत्या. वयाने लहान, आवाजाने त्याहून लहान, पण त्यांच्या खोलीतलं ओढयंत्र हत्तीएवढं. बोल्ट दोन्ही टोकांना धरून तुटेपर्यंत ओढायचा आणि किती टनांना तुटला ते काट्यावर बघायचं. त्यांनी दोघा साडूंना आणि मालकांना समोर बसवून रीत समजावली.

"दोघांच्या आठवडाभराच्या ढिगातून चिठ्ठ्या टाकून दहा दहा बोल्ट घेणार. ओढणार. दोन सरासऱ्या काढणार. मात्र आधी आपण असं धरून चालायचं, की दोघांच्या बोल्टांत काहीच फरक नाही."

"का?" थोरला म्हणाला.

"का म्हणजे? सुरुवात तिथूनच करतात."

"फरक नाही असं मी का म्हणून धरू? उभा जन्म मी उलटं धरून चाललोय."

"दादा, अहो नुसतं धरायचंय," धाकटा म्हणाला. तो थोरल्याला दादा म्हणायचा, आणि तेही थोरल्याला टोमण्यासारखं वाटायचं.

मॅडमनी दम धरला. "हे बघा, कोर्टात आरोपीला आधी निर्दोष धरतात ना? तसंच."

"मग त्याला धरा निर्दोष. मला कशाला त्यात ओढता?"

मालक खोकले. मॅडम पुढे म्हणाल्या, "फरक नाही असं धरलं, आणि तरीही दोन सरासऱ्यांत एवढं अंतर पडलं, की निव्वळ योगायोगाने ते शंभरात पाच वेळाही पडलं नसतं, तर मग धरलेलं सोडून द्यायचं. म्हणायचं, फरक खरा आहे. आता यातली महत्त्वाची गोष्ट ऐका. अंतर मोठं की लहान, हे एकट्या सरासरीवरून कळत नाही..."

आणि नेमकं तेव्हाच धाकट्याने पायावर पाय टाकला. बूट नवे होते. तपकिरी, बारीक शिलाईचे. आपल्या बायकोने दुकानाच्या काचेपाशी थांबून दाखवलेले आणि आपण "पुढच्या महिन्यात बघू" म्हटलेले, तेच. थोरला त्या बुटांची शिलाई टाका टाका करत पाहत राहिला. मॅडम पाच मिनिटं बोलल्या. पाटीवर ठिपके काढले, ठिपक्यांभोवती गोल काढले. मालकांनी मान डोलावली, धाकट्याने एक शंका विचारली, मॅडमनी तिचं कौतुक केलं. कौतुक तेवढं थोरल्याला ऐकू आलं.

"काही विचारायचंय?" शेवटी मॅडम म्हणाल्या.

"विचारायचं नाही, सांगायचंय," थोरला म्हणाला. "माझी एक अट आहे. ओढलेला प्रत्येक बोल्ट मोजायचा. मागाहून कुणी म्हणायचं नाही, की हा चुकून आला, हा तेवढा सोडा. काही लोकांना लाडीगोडी लावून सुटायची सवय असते."

"एखादा बोल्ट फारच वेगळा निघाला, तर कारण शोधावं लागतं," मॅडम म्हणाल्या.

"कारणं घरी. इथे मोजणी."

मालकांना हे बाणेदार वाटलं. "मंजूर," ते म्हणाले. धाकट्यानेही मान हलवली. अट सगळ्यांसमोर पक्की झाली.

त्याच दिवशी चिठ्ठ्या टाकून दहा दहा बोल्ट निवडले, ते दोन ट्रेमध्ये मॅडमच्या टेबलावर मांडले गेले. ओढणी दुसऱ्या दिवशी दुपारी होती. म्हणजे थोरल्याच्या हातात एक संध्याकाळ होती, आणि जळणाऱ्या माणसाच्या हातात रिकामी संध्याकाळ कधी देऊ नये.

घरी जाताना त्याच्या डब्यात एक बोल्ट होता. घडाईच्या ढिगातला, कच्चा, आगीचं तोंड न पाहिलेला. डोक्यावर ठिपका ठोकायला कितीसा वेळ लागतो? त्रिकोण असता तर नक्कल अवघड होती. ठिपका कुणालाही येतो. एक अडचण उरली होती. कच्चा बोल्ट राखाडी दिसतो आणि तेल प्यालेला काळा.

बायको स्वयंपाकघरात आली तेव्हा गॅसवर मोठी कढई होती, कढईत कारखान्यातलं जळकं तेल होतं, आणि थोरला झाऱ्याने काहीतरी उलटं-पालटं करत होता.

"अहो, काय तळताय?"

"बोल्ट."

बायकोने कढईत डोकावून पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली की काही प्रश्न आपोआप गळून पडतात. "कुणाचा?" तिने विचारलं.

"साडूभाऊंचा."

"मग आपल्या कढईत कशाला?"

याने सगळं सांगितलं. तळून नुसता रंग चढतो, ताकद येत नाही. उद्या हा धाकट्याच्या ट्रेमध्ये जाणार. यंत्रात लोण्यासारखा तुटणार. धाकट्याची सरासरी धाडकन खाली.

"पण तुमचे बोल्ट त्याच्याहून चांगलेच आहेत म्हणता ना रोज? जेवताना, झोपताना?"

"आहेतच."

"मग हे कशाला?"

"चांगले आहेत, ते थोडे. मला पुष्कळ हवेत."

बायकोने खिडकी उघडली. धूर बाहेर गेला. तिचीही एक बाजू होती, नाही असं नाही. धाकटीच्या घरी नवीन शिवणयंत्र आलं होतं आणि ते दाखवायला तिने बहिणीला एकाच महिन्यात तीनदा बोलावलं होतं. "खालची बाजूपण होऊ दे नीट," ती म्हणाली. "पांढरी राहिलीय. आणि कढई तुम्ही घासायची."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मॅडम हात धुवायला गेल्या, तेवढ्यात कढईतला बोल्ट ट्रेमध्ये गेला आणि ट्रेमधला एक थोरल्याच्या खिशात आला. खिसा इतका लोंबला, की दुपारभर तो एका बाजूला कलून चालत होता. कुणी विचारलं तर म्हणायचा, कंबर धरलीय.

मग ओढणी सुरू झाली. खोलीत मालक, मॅडम, दोघे साडू आणि दाराशी जमेल तेवढा कारखाना. मी भांडारातून सुटून पुढची जागा धरली होती. आधी थोरल्याचे बोल्ट. यंत्र कण्हायचं, काटा चढायचा आणि धाडकन आवाज व्हायचा. बावन्न टन. एक्कावन्न. त्रेपन्न. बावन्न. दहाच्या दहा बोल्ट जणू एका आईचे. सरासरी बावन्न.

मग धाकट्याचे. पन्नास. एकोणपन्नास. एक्कावन्न. पन्नास. हेही एकमेकांना धरून, पण दोन पायऱ्या खाली. थोरल्याच्या कपाळावर घाम आला. अरे, हे तर असंच जिंकत होतो आपण. पण आता उशीर झाला होता, कढईतला बोल्ट यंत्राच्या जबड्यात चढला होता.

त्याचा धाडकन आवाज झालाच नाही. तो ताणला गेला, मध्येच बारीक झाला आणि एखाद्या म्हाताऱ्याने खुर्चीत बसताना सोडावा तसा सुस्कारा टाकून तुटला. तीस टन.

धाकटा पांढराफटक पडला. मॅडमनी तुकडे उचलले, तुटलेली तोंडं उजेडात धरली आणि मग नाकाशी नेली. "याचं कारण शोधायला हवं," त्या म्हणाल्या.

"अट म्हणजे अट," थोरला म्हणाला. त्याचा आवाज जरा चिरकला. "मोजणी."

मॅडमनी मालकांकडे पाहिलं. मालकांनी मान हलवली. मोजणी झाली. धाकट्याची सरासरी पन्नासावरून अठ्ठेचाळीसवर आली.

बावन्न आणि अठ्ठेचाळीस. दोनाचं अंतर चार झालं. थोरल्याने मनातल्या मनात नव्या भट्टीवर हात ठेवला आणि धाकट्याला पहिलं काम काय सांगायचं तेही ठरवलं. बूट पुसायचं फडकं भट्टीजवळ ठेवू नकोस.

मॅडमनी बराच वेळ गणित केलं. मग चष्मा काढला. "फरक सिद्ध होत नाही."

"काय होत नाही?"

"फरक. योगायोगाने एवढं अंतर शंभरात पाचाहून जास्त वेळा पडू शकतं. तेव्हा दोघांचे बोल्ट वेगळे आहेत असं मला म्हणता येत नाही."

"चार टन!" थोरला म्हणाला. "डोळ्यांना दिसतायत चार टन."

"काल हेच तर सांगितलं," मॅडम म्हणाल्या. "तुमचं लक्ष नव्हतं बहुतेक. बाहेर हातोडा बंद असला की या नळाचं टपटप ऐकू येतं. हातोडा सुरू असला की मी ओरडले तरी ऐकू येत नाही. अंतर म्हणजे आवाज, आणि एकाच ढिगातले बोल्ट एकमेकांपासून किती पांगलेत तो गोंगाट. तुमच्यात गोंगाट नव्हताच. यांच्यातही नव्हता. पण त्या एका तिसाने एवढा गोंगाट केला, की त्यात चार टनही ऐकू येत नाहीत. ज्याच्या ढिगात तीसही निघतो, त्याची सरासरी किती, यावरच विश्वास बसत नाही."

"आणि तो नसता तर?" थोरल्याने विचारलं. विचारायला नको होतं. पण जीभ पुढे धावली.

मॅडमनी पाटीवरच्या तिसावर अंगठा ठेवला. "तर अंतर फक्त दोन टनांचं असतं. पण फरक सिद्ध झाला असता, शंकेला जागाच नव्हती. तुम्ही जिंकला असतात."

भट्टीवाल्याला तापलेल्या लोखंडाचे रंग कळतात. आधी गडद लाल, मग चेरीसारखा, मग नारिंगी. थोरल्याचा चेहरा हे सगळे रंग क्रमाने दाखवून गेला.

"चला," मालक उठले, "बरोबरीत सुटले. भट्टी दोघांची. त्रिकोणात ठिपका."

धाकटा पुढे आला आणि त्याने थोरल्याचे दोन्ही हात धरले. "दादा, माझी लाज वाटते मला. एक बोल्ट कच्चा राहिलाच कसा माझ्या हातून? तुमच्यासारख्या माणसाबरोबर काम करायला मिळतंय हे माझं नशीब. आपण बरोबरीचे नाही, हे मला ठाऊक आहे. पण मॅडमचं गणित म्हणतं, तर म्हणू दे."

आता तुम्ही-आम्ही असतो, तर गप्प बसलो असतो. कुणाला काही कळलं नव्हतं. भट्टी अर्धी तरी हातात होती. पण बाहेर दाराशी कुणीतरी म्हणालं, "दोघं सारखेच निघाले की," आणि ते वाक्य थोरल्याच्या कानात उकळतं तेल ओतल्यासारखं गेलं.

"सारखे नाही," तो म्हणाला.

"गणित म्हणतंय," मालक म्हणाले.

"गणितात तो बोल्ट आहे. तो बोल्ट त्याचा नाही."

"कशावरून?"

थोरल्याने खिशात हात घातला. धाकट्याचा खरा दहावा बोल्ट बाहेर काढून टेबलावर ठेवला. कंबर ताबडतोब सरळ झाली. "कच्चा बोल्ट मी टाकला. काल घरी कढईत तळून आणला. हा घ्या खरा. ओढा आणि पुन्हा मोजा. मला लबाड म्हणा, चोर म्हणा, काय वाट्टेल ते म्हणा. पण त्याच्या बरोबरीचा म्हणू नका."

धाकट्याने त्याचे हात सोडले. मॅडमनी तिसाचे तुकडे पुन्हा हुंगले आणि म्हणाल्या, "तरीच फोडणीचा वास. मला वाटलं माझाच जेवणाचा डबा उघडा राहिला."

दहावा बोल्ट ओढला. धाडकन. पन्नास. मॅडमनी नव्याने गणित केलं, आणि या वेळी चष्मा न काढताच म्हणाल्या, "फरक सिद्ध. थोरल्यांचे बोल्ट सरस. दोन टनांनी."

थोरला सगळ्यांकडे बघत स्वतःभोवती एकदा वळला.

"एक राहिलं," मॅडम हळूच म्हणाल्या. "फरक खरा आहे, पण पुलाला चाळीस टन लागतात. बावन्न काय नि पन्नास काय, पुलाला काही कळणार नाही."

"पुलाचं सोडा," थोरला म्हणाला. "लोकांना कळलं."

मालकांनी टोपी घातली. "तुमचे बोल्ट सरस, हे मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहवतो. भट्टी मात्र धाकट्याला. दोन टन कमी असले तरी मला चालतील. पण बोल्टांवर आणि त्यांच्या उस्तादावर मिळून एक पहारेकरी ठेवणं मला परवडणार नाही. तुम्ही धाकट्याच्या हाताखाली."

थोरल्याने रिकामा डबा उचलला आणि घरची वाट धरली. घरी पोहोचला तेव्हा बायको दारातच होती.

"काय झालं?"

"जिंकलो."

"मग भट्टी?"

"ती त्याला."

बायकोने त्याच्याकडे, मग त्याच्या सरळ कंबरेकडे पाहिलं. सगळं ऐकून घेतलं, आणि आतून ती काळीकुट्ट कढई आणून त्याच्या हातात दिली. थोरला नळाखाली बसला. राखेने घासली, विटेने घासली. तिचा काळा रंग तसूभर हलेना. उद्यापासून धाकट्याला उस्ताद म्हणायचं, हे आठवलं की तो आणखी जोरात घासायचा.

तेवढ्यात आत फोन वाजला. बायको बोलून परत आली.

"धाकटीचा होता. भावोजी घरी आलेत, पण जेवत नाहीत म्हणे. भट्टी मिळाली तरी तोंड आंबट. सारखे येरझारा घालतायत आणि एकच विचारतायत, दादांचे दोन टन जास्त येतात कसे? ते तेलात असं काय करतात? मघाशी बाबांशी भांडले, म्हणाले, माझ्या बोल्टाच्या आवाजाचं कौतुक पुरे करा."

थोरल्याचा हात थांबला.

"येरझारा?" त्याने विचारलं. "किती वेळ?"

"आल्यापासून. आणि धाकटी विचारत होती, तुम्ही हल्ली बूट कुठले घालता."

थोरल्याने वीट खाली ठेवली. थोडा वेळ कढईच्या काळ्या बुडात आपला चेहरा बघत बसला. मग पुन्हा घासायला लागला, पण आता सावकाश, गोल गोल, आणि कित्येक वर्षांत कुणी ऐकली नव्हती अशी शीळ घालत.

"जेवायला वाढ," त्याने आत हाक दिली. "आणि मी तेलात काय करतो असं विचारलं, तर सांग, दादा म्हणाले, सांगणार नाही."